औषधांचे खेळ गावोगाव फिरायचे त्या काळातली खरीखुरी ‘इंडियन’ डॉक्टरीणबाई : सुझन ला फ्लेश

माळरान
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, पण गेल्या महिन्यात वॉल्टहिलला जाऊन आले तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून शेवटी लिहायला घेतलं. वॉल्टहिल म्हणजे नेब्रास्कात ओमाहा शहराच्या उत्तरेला, गाडीने साधारण दीड तासावर असलेलं छोटंसं गाव. तिथे एका जुन्या हॉस्पिटलची पांढरी लाकडी इमारत आहे, पुढे ऐसपैस ओसरी, टेकडीवर. १९१३ च्या जानेवारीत ते हॉस्पिटल सुरू झालं आणि उभं केलं सुझन ला फ्लेश पिकॉट या बाईंनी. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमधली (त्यांना तिथे ‘इंडियन’ म्हणत) डॉक्टरीची पदवी घेतलेली पहिली बाई.

आता तुम्ही म्हणाल आपला काय संबंध. संबंध आहे. फिलाडेल्फियाच्या ज्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून आपल्या आनंदीबाई जोशी ११ मार्च १८८६ ला डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, त्याच कॉलेजात त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुझन दाखल झाली. आनंदीबाई कल्याणच्या, जन्म मार्च १८६५. सुझन ओमाहा जमातीतली, जन्म जून १८६५. काही महिन्यांनी चुकामूक झाली नाहीतर दोघी एकाच जिन्यावरून वरखाली करत असत्या. हे कळलं तेव्हा मला कसंतरीच झालं, कारण शाळेपासून आनंदीबाईंचा तो नऊवारीतला फोटो बघत आलो आपण, पण त्यांच्या मागोमाग त्या दारातून कोण आत गेलं ते कधी कुणी सांगितलंच नाही.

पण मला खरं लिहायचंय ते वेगळंच. त्याच वर्षांत अमेरिकेत औषधांचे खेळ म्हणजे मेडिसिन शो जोरात होते. वॅगनीतून तांडा गावात यायचा, मैदानात मशाली लावायचे, बँजो, नकला, कुत्र्यांच्या कसरती, सगळं फुकट नाहीतर नाममात्र पैशात, आणि माणसं जमली रंगली की मधेच लांब कोटातला ‘डॉक्टर’ किंवा ‘प्रोफेसर’ उभा राहायचा आणि बाटली विकायचा. यातली सगळ्यात गाजलेली कंपनी होती किकापू इंडियन मेडिसिन कंपनी, १८८१ ची, हीली आणि बिगेलो या दोन गोऱ्या माणसांनी काढलेली. त्यांच्या बाटलीचं नाव सागवा. किकापू ही खरी जमात आहे पण तिचा या काढ्याशी काडीचा संबंध नव्हता. वेगवेगळ्या जमातींची माणसं पगारावर ठेवायची, पिसं घालून तंबूसमोर बसवायची, त्यातला एकजण आपल्या भाषेत चार वाक्यं बोलायचा आणि शेजारी उभा असलेला गोरा माणूस त्याचं ‘भाषांतर’ म्हणून औषधाची थोरवी सांगायचा. तो बिचारा मूळ काय बोलला ते समोरच्या एकालाही कळायचं नाही.

म्हणजे बघा, एकीकडे ‘इंडियन औषध’ म्हणून हजारो बाटल्या खपतायत आणि दुसरीकडे खरी इंडियन डॉक्टर, कॉलेजात पहिली आलेली, वर्षाला ५०० डॉलर सरकारी पगारावर बाराशेच्या वर माणसं एकटी सांभाळतेय. हा विरोध माझ्या मनातून जात नाही. सविस्तर खाली लिहिते, आधी कुणी तिच्याबद्दल वाचलंय का ते सांगा.

पळसफूल
माहीतच नव्हतं काही. आनंदीबाईंसोबत फोटोत एक जपानी आणि एक सीरियन बाई असते ना, त्यातली नाही ना ही?

माळरान
नाही गं. तो फोटो ऑक्टोबर १८८५ चा, त्यात आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. सुझन त्यानंतर वर्षभराने आली. पण तो फोटो बघितला की ते कॉलेज काय चीज होतं ते कळतं. १८५० साली निघालेलं, जगातल्या कुठल्याकुठल्या मुली तिथे येत होत्या कारण बाकीची बहुतेक दारं बंद होती.

दवाखाना
छान विषय काढलात. मी स्वतः डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो, त्यामुळे एक मुद्दा मांडतो. त्या खेळवाल्यांना लोक फसले म्हणून लोक मूर्ख होते असं समजू नका. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची आमची विद्याच धड नव्हती. रक्त काढणं, जुलाब देणं आणि कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचं औषध तोंड सुजेपर्यंत देणं हे पदवीवाले डॉक्टर करत होते. त्यापेक्षा बाटलीतला गोडसर कडवट काढा परवडला, निदान त्याने दात तरी पडत नव्हते. शिवाय डॉक्टर वीस मैलांवर आणि खेळ दारात.

आणि बाटलीने ‘गुण’ का यायचा तर आत दारू असायची. काहींत अफू. मिसेस विन्स्लोचं सूदिंग सिरप म्हणून पोरांना दात येताना द्यायचं औषध होतं त्यात चक्क मॉर्फिन होतं. पोर शांत झोपायचं. काही पुन्हा उठायची नाहीत. एक लहान मुलांचे पेशंट रोज बघणारा माणूस म्हणून सांगतो, हे वाचताना हात थरथरतो.

आजीचा_बटवा
धागा आवडला पण एक खटकलं. मूळ रहिवाशांचं स्वतःचं वनस्पतींचं ज्ञान होतंच की, पिढ्यान् पिढ्यांचं. खेळवाल्यांनी ते नाव चोरलं म्हणून ते ज्ञान खोटं ठरत नाही. तुमची सुझन ते सगळं मोडीत काढून साहेबाची डॉक्टरी घेऊन आली, मग तिने कुणाची बाजू घेतली?

माळरान
आजीचा_बटवा, प्रश्न रास्त आहे, मलाही पडला होता. एक गोष्ट सांगते मग ठरवा.

सुझन आठेक वर्षांची असताना जमातीतल्या एका आजारी म्हातारीजवळ बसली होती. सरकारी गोऱ्या डॉक्टरला निरोप पाठवला, येतो म्हणाला, आला नाही. पुन्हा निरोप. चार वेळा माणूस गेला. चारही वेळा येतो म्हणून सांगितलं. म्हातारी पहाटेच्या आत वेदनांनी तळमळून गेली. डॉक्टर शिकारीला गेला होता, रानकोंबड्या मारायला. सुझनने ही आठवण मोठेपणी सांगून ठेवलीय. तिला साहेबाची डॉक्टरी हवी होती ती एवढ्यासाठी की निरोप आल्यावर उठून जाणारं कुणीतरी आपल्यातलं असावं.

आणि ती आली तेव्हा तिच्या लोकांना ओमाहा भाषेत बोलणारा डॉक्टर पहिल्यांदा मिळाला. पोटात कुठे आणि कसं दुखतंय हे आपल्या भाषेत सांगता येणं म्हणजे काय हे दुभाष्यामार्फत दुखणं सांगितलेल्या माणसालाच कळेल. मी इथे अमेरिकेत नवीन असताना माझ्या सासूबाईंना इमर्जन्सीत नेलं होतं, फोनवरचा दुभाषा हिंदीचा दिला, त्या ‘कळ येतेय’, ‘भडभडतंय’ म्हणत होत्या आणि त्याचं पलीकडे काय होत होतं देव जाणे. दोन तासांनी एक मराठी नर्स शिफ्टला आली तेव्हा कुठे चक्रं हलली.

कोकणकडा
सुझनची मोठी बहीण सुझेट म्हणजे तीच ना जी पोंका जमातीच्या स्टँडिंग बेअरसोबत पूर्वेकडच्या शहरांमधे दुभाषी म्हणून फिरली होती, १८७९ च्या खटल्यानंतर? त्या खटल्यात न्यायाधीशाने इंडियन माणूस हा कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ आहे असा निकाल दिला होता. म्हणजे १८७९ पर्यंत तेही ठरलेलं नव्हतं!!

माळरान
हो तीच. आणि म्हणूनच मला ते किकापूवाल्यांचं खोटं भाषांतर इतकं लागतं. एका घरातली एक बहीण आपल्या लोकांचं म्हणणं अचूक पोचावं म्हणून गावोगाव उभी राहते, दुसरी त्यांचं दुखणं त्यांच्या भाषेत ऐकून घेते, आणि त्याच दशकात शेकडो गावांत मशालीच्या उजेडात एका इंडियन माणसाच्या तोंडी भलतंच घालून बाटल्या विकल्या जातात.

आता तिच्या कामाबद्दल. १४ मार्च १८८९ ला पदवी, ३६ जणींत पहिली. वर्षाच्या आतच परत. सुरुवातीला फक्त सरकारी शाळेतली मुलं बघायची होती पण मोठी माणसंही तिच्याकडेच यायला लागली आणि काही महिन्यांत सगळी जमातच तिच्या गळ्यात. रस्ते नाहीत. आधी घोड्यावर बसून जायची, बॅग खोगिराला बांधून, तर थर्मामीटर फुटायचे, बाटल्या फुटायच्या. मग तिने बग्गी आणि दोन घोडे घेतले. हिवाळ्यात इथे काय असतं ते आम्ही भोगतो, शून्याखाली वीस म्हणजे काही विशेष नाही, वारा असा की डोळ्यातलं पाणी गोठतं, आणि ही बाई अंधारात निघायची नि अंधारात परत यायची. रात्री खिडकीत कंदील ठेवायची म्हणे, कुणाला वाट शोधत यायचं असेल तर दिसावं म्हणून.

क्षय, फ्लू, हगवण, खुपऱ्या. औषधं देण्यापेक्षा तिचा जोर कशावर असायचा तर दारं-खिडक्यांना माश्यांची जाळी लावा, सगळ्यांनी एकाच पेल्याने पाणी पिऊ नका, खिडक्या उघडा. आपल्याकडे आरोग्यसेविका आजही हेच सांगतात ना घरोघरी.

शिवाय लोकांची पत्रं लिहिणं, जमिनीचे कागद वाचून दाखवणं हेही तिच्याकडेच. चार वर्षांत तब्येत इतकी ढासळली की १८९३ ला नोकरी सोडावी लागली.

जुनी_पोथी
दारूचा मुद्दा राहिला की. सुझनची खरी लढाई दारूशी होती. आणि इथे तुमच्या औषधांच्या बाटल्यांशी थेट गाठ पडते. इंडियन लोकांना दारू विकायला कायद्याने बंदी, पण ‘औषध’ विकायला कुठे बंदी होती? पेरुना नावाचं एक औषध तेव्हा देशभर प्रचंड खपायचं, ओहायोतल्या एका डॉक्टरचं, सर्दीपासून सगळ्या रोगांवर म्हणे. त्यात अल्कोहोल २८ टक्के, म्हणजे वाइनच्या दुप्पट. शेवटी १९०५ साली इंडियन लोकांचा कारभार बघणाऱ्या सरकारी इंडियन खात्याला व्यापाऱ्यांवर लेखी हुकूम काढावा लागला की रिझर्व्हेशनवर, म्हणजे जमातींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, पेरुना विकायचं नाही, कारण लोक ते दारू म्हणून पितायत. सरकारने कबूल केलं की औषधाच्या दुकानातून दारूच जात होती.

दवाखाना
+१. आणि त्याच वर्षी कोलियर्स साप्ताहिकात या असल्या औषधांचं पितळ उघडं पाडणारी लेखमाला आली, त्याच्या रेट्यात १९०६ चा कायदा झाला की लेबलवर अल्कोहोल, अफू, मॉर्फिन, कोकेन किती ते छापा. एवढंच. ‘कॅन्सर बरा होतो’ असं लिहिलं तर? १९११ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कायदा घटकांबद्दलच्या खोट्याला लागू आहे, गुणाच्या दाव्याला नाही. मग १९१२ ला दुरुस्ती करावी लागली, त्यातही फसवण्याचा हेतू सिद्ध करा ही मेख होतीच.

ते प्रसिद्ध ‘स्नेक ऑइल’ तुम्हाला माहीत असेल. क्लार्क स्टॅन्ली नावाचा माणूस १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात लोकांसमोर साप कापून तेल काढून दाखवायचा असं सांगतात. पुढे १९१६ च्या सुमारास सरकारने बाटली तपासली तर खनिज तेल, थोडी चरबी, मिरची वगैरे. साप नाहीच. दंड किती तर २० डॉलर. आयुष्यभर कमावलं आणि वीस डॉलर.

पळसफूल
मला विचारायचं होतं, या खेळांमधे बायका डॉक्टर म्हणून उभ्या राहायच्या का? की फक्त नाचगाण्याला?

जुनी_पोथी
राहायच्या. व्हायोलेट मॅकनील म्हणून मिनेसोटाकडची गोरी मुलगी चिनी राजकन्येचा वेश करून ‘प्रिन्सेस लोटस ब्लॉसम’ नावाने औषधं विकायची. म्हणजे पुन्हा तेच, दूरच्या कुणाचा तरी पोशाख चढवायचा आणि त्याच्या नावावर माल खपवायचा.

बायकांच्या बाबतीत याहून मोठी गोष्ट लिडिया पिंकहॅमची. मॅसॅच्युसेट्समधलं लिन गाव, १८७५ ला घरच्या चुलीवर केलेला काढा विकायला सुरुवात, बायकांच्या ‘सगळ्या तक्रारींवर’. बाटलीवर तिचं आजीसारखं प्रेमळ चित्र. जाहिरातीत लिहायचे की मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा, बायकांनी बायकांची दुखणी सांगायला लाजू नये. बायका लिहायच्या. पाळी, अंग बाहेर येणं, नवऱ्याला न सांगितलेलं काय काय. उत्तरंही यायची. पण लिडियाबाई १८८३ सालीच वारल्या होत्या आणि विसाव्या शतकात शिरल्यावरही जाहिराती तिलाच पत्र लिहा म्हणत होत्या. शेवटी लेडीज होम जर्नलने १९०५ साली तिच्या थडग्याच्या दगडाचा फोटोच छापला.

कोकणकडा
बाप रे.

माळरान
जुनी_पोथी, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. कारण यातच कळतं की त्या काळात बाई डॉक्टर किती हवी होती. बायकांना पुरुष डॉक्टरसमोर बोलता येत नव्हतं म्हणून त्या बाटलीवरच्या चित्राला पत्रं लिहीत होत्या! आनंदीबाई अमेरिकेला निघण्याआधी फेब्रुवारी १८८३ मधे श्रीरामपूरला, बंगालातल्या, भाषणाला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांनीही हेच कारण दिलं होतं, की इथल्या बायकांना बाई डॉक्टरची गरज आहे. स्वतःचं दहा दिवसांचं बाळ गेलेली मुलगी होती ती, वय सतरा.

आजीचा_बटवा
माळरान, तुमचं उत्तर पटलं बरंचसं. तरी एक उरतंच. सुझन हॅम्प्टनच्या निवासी शाळेत शिकली, तिथे मुलांची भाषा, केस, कपडे सगळं काढून घ्यायचे. वडील जोसेफ ला फ्लेश स्वतः पुढारी असून गोऱ्यांसारखं राहायला शिका म्हणणारे. तीही तेच म्हणाली असणार. आपण फक्त आरती ओवाळायची का?

माळरान
नाही, आरती नकोच. तरुणपणी तिचाही विश्वास होता की आपल्या लोकांनी गोऱ्यांच्या रीती घ्याव्यात. पण पुढे काय झालं तेही बघायला हवं. नवरा १९०५ ला गेला, पदरी दोन मुलगे, आणि नवऱ्याच्या वाट्याची जमीन मुलांच्या नावावर करायला तिला सरकारी कचेरीत जे हेलपाटे घालावे लागले त्यात तिचे डोळे उघडले. डॉक्टर असलेल्या, उत्तम इंग्रजी लिहिणाऱ्या बाईला स्वतःच्या मुलांच्या जमिनीसाठी ‘तुम्ही सक्षम नाही’ हे ऐकावं लागलं तर बाकीच्यांचं काय? मग ती खात्यालाच भिडली. १९१० ला जमातीच्या शिष्टमंडळासोबत वॉशिंग्टनला जाऊन आली, तब्येत बरी नसताना. त्याआधी वॉल्टहिल वसलं तेव्हा जमिनीच्या खरेदीखतातच दारू विकायची नाही ही अट घालून घेतली होती.

आणि हॉस्पिटल, त्याला सरकारचा पैसा नव्हता. चर्चकडून, ओळखीच्यांकडून, असा जमवला. दार सगळ्यांना उघडं, इंडियन असो की गोरा. कानाच्या हाडाचं दुखणं तिला कित्येक वर्षं छळत होतं, ऐकू येणंही गेलं होतं, आणि १८ सप्टेंबर १९१५ ला ती गेली. हॉस्पिटल उघडून पावणेतीन वर्षंही झाली नव्हती. पन्नास वर्षांचं आयुष्य. आनंदीबाईंना तर बावीसही पूर्ण मिळाली नाहीत, फेब्रुवारी १८८७ मधे पुण्यात गेल्या, कोल्हापूरच्या हॉस्पिटलातली नेमणूक तशीच राहिली.

मी त्या ओसरीसमोर उभी होते तेव्हा हेच मनात येत होतं. आनंदीबाईंना पंचवीस-तीस वर्षं मिळाली असती तर कोल्हापुरात काय उभं राहिलं असतं ते या ओसरीवरून दिसतंय.

पळसफूल
माळरान ताई, वाचून डोळे भरून आले. मी लिहिणार नव्हते पण आता लिहिते.

माझी आई एएनएम, म्हणजे सरकारी नर्स-सुईण होती, पेठ तालुक्यात, ८० च्या दशकात. सायकल नाहीतर पायी. तुम्ही ते बाटल्या फुटायचं लिहिलंत ना, आईचंही तेच व्हायचं, इंजेक्शनच्या अँप्यूल पिशवीत एकमेकींवर आपटून फुटायच्या आणि वर हिशोब द्यायला लागायचा की कमी का भरल्या. मग तिने बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेतला, त्यात जुन्या लुगड्याच्या पट्ट्या आणि कापूस असे थर लावायची, एकेक अँप्यूल कुशीत निजवल्यासारखी ठेवायची. पावसाळ्यात डबा डोक्यावर, नदी कमरेपर्यंत.

आणि आमच्याकडेही खेळवाले यायचे. आठवडी बाजारात जीप यायची, भोंगा, आधी गाणी, मग नागाची टोपली पुढे ठेवायची, उघडतो उघडतो म्हणत तासभर उघडायचीच नाही, तोवर दम्याच्या पुड्या विकून व्हायच्या. पांढरी पूड. खरंच आराम पडायचा हो. आईला संशय होता की त्यात स्टिरॉइड कुटून घालतात. माझ्या आत्याच्या मिस्टरांनी तीन वर्षं ती पुडी घेतली, चेहरा चंद्रासारखा सुजला, हाडं ठिसूळ झाली, खाटेवरून उतरताना मांडीचं हाड मोडलं. आईने त्यांना किती सांगितलं होतं. पण ती घरची, ती फुकट सांगायची, आणि तो जीपवाला मोठ्या भोंग्यावरून सांगायचा.

दवाखाना
पळसफूल, तुमच्या आईंचा संशय बरोबर असणार. तोंडाला सूज, हाडं ठिसूळ, हे सगळं त्याचंच. असे पेशंट मी अजून बघतो, आता पुड्या व्हॉट्सॅपवरून मागवतात. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्ध आपल्याकडे १९५४ पासून कायदा आहे, त्यात कुठल्या रोगांची जाहिरात करता येणार नाही त्याची यादीच आहे आणि दमा त्यात आहे. कुणाच्या घरात अशी पुडी चालू असेल तर एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं असतं. पुडी घेऊन सरळ डॉक्टरकडे जा आणि दाखवा.

आजीचा_बटवा
दवाखाना, हे शेवटचं वाक्य ठळक करायला हवं. आमच्या चुलत सासऱ्यांना पाठवते आत्ताच.

माळरान
पळसफूल, आईंबद्दल वेगळा धागा काढ ना गं. त्यांना विचारून लिही, नदी कुठली, गावं किती होती, बाळंतपणं किती केली. वॉल्टहिलला त्यांनी सुझनच्या कामाच्या आठवणी जपल्यात म्हणून मला आज इतकं कळलं. आपल्या बायकांचं कुणी लिहून ठेवलेलं नाही.

पळसफूल
ताई, काल आईला फोन केला. आधी म्हणाली त्यात काय लिहायचंय. मग गप्प बसली, आणि म्हणाली डबा अजून माळ्यावर आहे, त्यात आता सुयादोरे ठेवते. रविवारी घरी जातेय. वही नेते.